मतदान शांततेत

१६ नोव्हेंबर २००३, रविवार

दार मी लावलं. दुसऱ्या कुणी नाही — मी.

आधी हे लिहून टाकलं. आता बाकीचं.

ग्रामपंचायतीची निवडणूक. मला केंद्राध्यक्ष म्हणून राळेगावपासून अठरा किलोमीटरवरच्या गावात पाठवलेलं. शाळेची खोली, एक मतपेटी, तीन कर्मचारी, दारावर एक शिपाई. वॉर्डातली जागा आदिवासी बाईसाठी राखीव. माजी सरपंच पुंडलिकरावांनी आपल्या सालदाराच्या, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याच्या, बायकोला उभं केलेलं. कोलामांच्या पोडाने, म्हणजे वस्तीने, त्यांच्यातल्या धनीबाई आत्रामला.

अकराच्या सुमारास पोडावरची माणसं आली. चाळीसेक. बाया पुढे. धनीबाईचा नवरा उकंडा सगळ्यांना रांगेत लावत होता. तेवढ्यात ट्रॅक्टर आला. ट्रॉलीतून पंधरा-वीस जण उतरले, हातात कुऱ्हाडीचे दांडे. पुंडलिकराव ट्रॅक्टरवरच बसून. "कापूस वेचाचा सोडून मतं टाकाले आले काय बे? हाना!"

बायांना केसांना धरून ओढलं. एका म्हातारीच्या तोंडावर दांडा बसला, दात मातीत पडले. शिपाई शाळेमागे पळाला. उकंडा दाराशी धावत आला. डोकं फुटलेलं, एक डोळा रक्ताने मिटलेला, हातात मतदाराची चिठ्ठी. "साह्यब, आत घ्या! मत टाकू द्या मले!"

मी कडी लावली. मतपेटी वाचवायची म्हणून, असं बाकीच्यांना सांगितलं. भ्यालो, एवढंच खरं. बाहेरून तो हात आपटत होता. मग त्यांनी त्याचं डोकं दारावर आपटलं. चार वेळा. मग आवाज थांबला.

दुपारी पुंडलिकरावांनी चहा पाठवला. आम्ही प्यालो!

संध्याकाळी अहवालात लिहिलं — किरकोळ बाचाबाची, मतदान शांततेत. सही केली.

१७ नोव्हेंबर

बाहीला डाग, कडी लावताना उकंडाचा हात लागला तिथे. आईने विचारलं, कसला रे? म्हणालो, शाईचा.

१९ नोव्हेंबर

बारावीचा तास. धडा नेमका अमेरिकेचा. काळ्या लोकांना मताचा हक्क घटनेने देऊन पंच्याण्णव वर्षं झाली होती, तरी दक्षिणेतली राज्यं त्यांची नावं नोंदवूच देत नव्हती. १९६५ साली मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी पुलावर झोडपलं, साऱ्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं. पाच महिन्यांत केंद्र सरकारने कायदा केला. मग वॉशिंग्टनचे अधिकारी तिथल्या गावांत जाऊन नावं नोंदवायला लागले. हे मी दरवर्षी शिकवतो. चांगलं शिकवतो.

तांड्यावरून येणारी उज्ज्वला राठोड उभी राहिली. "सर, तो वॉशिंग्टनचा अधिकारी भेला असता तं?"

तास तिथेच संपवला. अजून पंधरा मिनिटं होती.

२१ नोव्हेंबर

उकंडा काल यवतमाळच्या दवाखान्यात वारला. पेपरात तीन ओळी — "पोडावर दारूच्या नशेत हाणामारी, एक ठार."

दारू! त्याच्या अंगाला मतदानाच्या रांगेतल्या घामाचा वास होता फक्त.

२२ नोव्हेंबर

बाबा वकील. ते कोर्टात गेल्यावर त्यांच्या कपाटातून कायद्याचं पुस्तक काढलं. दलित-आदिवासींवरच्या अत्याचार प्रतिबंधाचा कायदा, १९८९ चा. आपलाही दिल्लीचाच कायदा. आदिवासीला मत देण्यापासून अडवणं गुन्हा — सरळ लिहिलं आहे. दिल्लीने लिहिलं, छापलं, इथवर पाठवलं. त्या खोलीत दिल्लीच्या वतीने मीच होतो ना!

२४ नोव्हेंबर

धनीबाई आली. पोडावरून पायी. आईने पाणी दिलं, ते घेतलं नाही. ओसरीवर उभीच.

"मास्तर, तुमी दार लावलं."

"हो."

"ठाण्यात म्हणतेत, आमीच आपसात भांडलो. तुमी सांगा. दार काहून लावलं, थे सांगा. कोनी मारत नव्हतं तं दार लावाले तुमाले काय झालं होतं?"



जाताना म्हणाली, "थो मत टाकाले आला होता. मराले नाई."

२५ नोव्हेंबर

जेवताना बाबांना सांगितलं. घास खाली ठेवला त्यांनी. "पुंडलिकरावांचं वकीलपत्र मी घेतलंय, सलील." मला माहीत नव्हतं! मग शांतपणे, अशिलाला समजावतात तसं: "अहवालावर सही तुझी. आता उलटं बोललास तर खोटा अहवाल दिल्याचा गुन्हा तुझ्यावर. नोकरी जाईल. आणि उलटतपासणी मला घ्यावी लागेल."

"घ्या," म्हणालो. आई उठून आत गेली.

२७ नोव्हेंबर

डीवायएसपींकडे जबाब दिला. अडीच तास. ट्रॅक्टर, दांडे, म्हातारीचे दात, कडी, चार आवाज, चहा. चहाचं त्यांनी विचारलं नव्हतं. साहेब म्हणाले, "विचार करून सही करा." केली.

४ डिसेंबर

डाव्या हाताने लिहितोय.

परवा सकाळी कॉलेजकडे निघालो होतो. बसस्टँडच्या अलीकडे मोटरसायकल आडवी घातली. तिघं. त्यातला एक ट्रॉलीतला — ओळखला. पहिला दांडा मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. "सही करतं का? या हातानं सही करतं का?" मग बरगड्या. तोंडात बूट. समोर पानटपरी उघडी होती. टपरीवाल्याने फळी खाली ओढून घेतली. माझ्या तोंडात रक्त होतं आणि मी त्या फळीकडे पाहत होतो. त्याला शिव्या द्यायचा मला हक्क नव्हता.

संध्याकाळी बाबा दवाखान्यात आले. "वकीलपत्र परत केलं," एवढंच म्हणाले. मोसंबी सोलून एकेक फोड भरवली.

१९ डिसेंबर

पुंडलिकराव आणि सहा जण अटकेत! जामीन फेटाळला. उज्ज्वला आणि चार मुली घरी आल्या. म्हणाल्या, सर, तुमच्यामुळे.

११ फेब्रुवारी २००४

आरोपपत्र दाखल झालं. बाबांनी प्रत आणली, हातात दिली नाही, टेबलावर ठेवली. आठ आरोपी. आठवं नाव माझं — लोकसेवक, कर्तव्यात कसूर.

कोर्टाच्या आवारात धनीबाई भेटली. विचारलं, माझं नाव तुम्ही सांगितलं?

"हो. तुमचंबी."

तिचं बरोबर आहे.