पारा उतरला

खोपोली, गुरुवार, १२ फेब्रुवारी १९८१

आज सकाळी पारा उतरला. झटकून पुन्हा लावला, तेवढाच.

हे गेल्यापासूनही रोज उठायच्या आधी थर्मामीटर जिभेखाली धरते. लग्नानंतर नर्सबाईंनी शिकवलं होतं, पारा बघेपर्यंत अंथरूण सोडायचं नाही, बोलायचं नाही. चढलेलाच राहिला तर दिवस गेले, उतरला तर पाळी येणार. कारखान्याची खोली मिळेपर्यंत मूल नको, म्हणून आम्ही पाऱ्यावरून दिवस पाळले. एकदाही चुकलं नाही. मी बोलावं म्हणून हे मुद्दाम विचारायचे, "बाईसाहेब, आज चहा मिळणार की मौन?"

खोली मिळाली, पाळणं सोडलं. त्याच महिन्यात घाटात ह्यांचा टेंपो उलटला.

त्यानंतर पारा चढलेलाच होता. मी अजून बाजूला बसले नाही, हे सासूबाईंनी बरोबर हेरलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी दुधाचा पेला. आजही घेऊन आल्या.

"पी गं."

"आई, मला नको."

"तुला कोण देतंय? माज्या लेकाला देते हाय. उपाशी नको ठेवूस त्याला."

आणि हसल्या. हे गेल्यापासून पहिल्यांदाच.

तेव्हाच सांगायला हवं होतं. उद्या-परवा बाजूला बसेन, तेव्हा त्यांना कळेलच. पण कसं सांगायचं? पारा उतरला, एवढंच ना? त्यांच्या लेखी पारा उतरणं म्हणजे बरं वाटणं.

त्या समोर उभ्या होत्या. मी सगळं दूध प्यायले.