काळा रंग आणि साळुकाकूंच्या पायाची माती

डिंभे, शुक्रवार

तीर्थरूप रखमाजीमामांस,

राजुरीच्या दिशेनं डोकं टेकवून सुदर्शनचा नमस्कार. मामींचा गुडघा कसा आहे? डाळिंबाला फुलं धरली का? इकडे आम्ही बरे आहोत. तुम्ही आईला दिलेली म्हैसही बरी आहे, आणि ती बरी आहे हीच अडचण आहे. (फोन केला असता, पण माझ्या फोनला आई कान लावून बसते आणि तुमच्या मोबाइलवर आलेलं सगळं मामी मोठ्यानं वाचतात. म्हणून हे पत्र मासे घेऊन आळेफाट्याला निघालेल्या कुंडलिकभाऊंजवळ देतो. वासाबद्दल क्षमा असावी.)

बारावीला दोनदा राहिल्यापासून मी मोबाइलवर फोटो काढतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. फेसबुकवर आमचा हौशी छायाचित्रकारांचा गट आहे. दर आठवड्याला एक विषय मिळतो, त्यावर प्रत्येकानं एकच फोटो टाकायचा. मागे 'कष्टाचे हात' होता. (मी आळीतल्या ठमाआजींना विचारलं, तर त्यांनी हात साबणानं धुऊन, मेंदी काढून पुढे केले. सगळे कष्ट निघून गेले.) या खेपेस विषय होता 'काळा रंग'. मी म्हैस निवडली. शनिवारी दुपारी तिला घासून धुतलं, खोबरेल चोळलं. पण तिचं रेडकू भुरकट, कपाळावर पांढरा ठिपका, आणि ते सारखं फोटोत यायचं. म्हणून त्याला खुंट्यावरून सोडून मागच्या शेवग्याला बांधलं आणि मी म्हशीसमोर शेणात पालथा पडून एकसष्ट फोटो काढले. म्हैस पुतळ्यासारखी उभी राहिली. डोळे अर्धे मिटलेले. मला वाटलं, हिला फोटोतलं कळतं.

फोटो टाकला आणि तासाभरात कौतुक सुरू झालं. दुबईच्या एका गृहस्थांनी लिहिलं, 'काय तृप्त डोळे आहेत!' शेजारच्या साळुकाकूंनी नातीच्या मोबाइलवरून लिहिलं, 'शीलाची म्हस लई देखणी. दूद बी लई देती.' हे वाचत होतो तोच आई धार काढायला बसली. म्हैस थेंब देईना.

"आज हिला कुणी बघितली रं?" आईनं विचारलं.

"तीनशे बारा जणांनी," मी म्हणालो. (आकडा चुकीचा सांगणं मला जमत नाही.)

आई बादली सोडून उठली. दृष्ट काढायची तर बघणाऱ्याच्या पायाखालची माती लागते, हे तुम्ही जाणताच. मी सांगितलं की काही माती दुबईला आहे. "मंग जवळचं कोन हाय?" असं तिनं विचारलं, आणि मामा, मी काकूंचं वाक्य तिला वाचून दाखवलं. गप्प बसलो असतो तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

आईनं सरळ जाऊन काकूंच्या अंगणातली चिमूटभर माती उचलली. काकू दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"काय गं शीले, काय सांडलं तुजं?"

"काय न्हाई," आई म्हणाली, पण मूठ झाकून. साऱ्या आळीला कळलं. मीठ, मोहरी, मिरच्या आणि ती माती उतरून चुलीत टाकली, आणि सकाळी म्हशीनं बादली भरून दूध दिलं. झालं! काकूंचा डोळा सिद्ध झाला. वीस वर्षं दोघी घोडेगावच्या बाजाराला एकाच पिशवीचा एकेक बंद धरून जायच्या. आता बोलत नाहीत. परवा आमच्या गोठ्यावरून जाताना काकूंनी पदर डोळ्यांवर ओढून घेतला. ते पाहिल्यापासून मी मागच्या दारानं ये-जा करतो.

कारण दृष्ट नव्हतीच. शेवग्याला निरगाठ मारायची तिथे मी घाईत सुरगाठ मारली होती, ती सुटली. मी पुढून मन लावून फोटो काढत होतो आणि रेडकू मागून मन लावून पीत होतं. चौतिसाव्या फोटोत त्याची शेपटी स्पष्ट दिसते. मला हे त्याच रात्री कळलं. आज सहा दिवस झाले, सांगायला तोंड उघडतो आणि 'चहा ठेव' म्हणतो.

तरी तुम्ही आईला एवढंच कळवावं, की तुम्ही जाणत्या माणसाला विचारलं आणि दृष्ट दुबईची निघाली. त्या गृहस्थांचं काही बिघडणार नाही. आई तुमच्या शब्दाबाहेर नाही.

आपला खजील भाचा,
सुदर्शन

ता. क. : काकूंचं नाव लिहिलं, म्हणून पत्र आधी त्यांना वाचून दाखवणं योग्य वाटलं. त्या तांदूळ पाखडत म्हणाल्या, "रेडकू पेलं ते मी कुडाआडनं बघितलं व्हतं."

"मग सांगितलं का नाही, काकू?"

"तुज्या आईनं मोबाइल चुलीत घातला असता. आन् तुला दुसरं येतंय तरी काय, बाळा?"

ता. क. दुसरा : दुबईचं रद्द समजावं. रविवारी काकू आमच्या गोठ्यात येणार आहेत. त्यांनी पदर न ओढता बघायचं, त्यांच्यादेखत आईनं धार काढायची, आणि बादली भरली की मी सगळं सांगायचं, असं ठरवलं आहे. तुम्ही पहिल्या एसटीनं यावं आणि आई व मी यांच्या मध्ये उभं राहावं. बादली पितळी आहे.