तांदळात झोपलेले देव

लातूर,
बुधवार, दुपार

प्रिय इंदू,

दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या मैत्रिणीला कुणी पत्र लिहितं का, म्हणून तू हसशील. खुशाल हस. पण समोर आलीस की तू बोलतेस आणि मी ऐकते, हे आपलं नांदेडच्या शाळेपासून ठरलेलं आहे. आज मला बोलायचं आहे आणि तू ऐकायचं आहेस. भीमा गाडीवान तुझ्या सामानाची पहिली खेप घेऊन आत्ताच गेला. शिलाई मशीन, कपाट आणि तुझा तो आरसा एवढं भरता भरता बैलांनी दारातल्या ढाळजेसमोर शेण टाकून ठेवलं. तो परत येईपर्यंत माझं लिहून होईल.

काल तुझे माधवराव आमच्या दुकानात निरोप ठेवून गेले. उद्या वास्तुशांत आहे, आज सगळं सामान हलवून नव्या घराच्या ढाळजेत उतरवू, देवांचा डबा तेवढा नव्या फडक्यात बांधून शेवटच्या खेपेला द्या. सकाळी कुसुमताई देव घेऊन घरात शिरतील, आणि आम्ही सगळ्यांनी संध्याकाळी तीर्थप्रसादाला यायचं. आमच्या ह्यांनी हे सगळं भाकरी मोडता मोडता सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं. संध्याकाळी म्हणजे तुमच्या कचेरीतले शिपाई येणार, गल्लीतल्या बाया येणार, पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हरही येणार, आणि त्यांच्या रांगेत मी. तुझी नणंद नांदेडहून काल उतरली आणि उद्या देव घेऊन उंबरा ओलांडणार. तो मान मला हवा होता, इंदू. आडपडदा न ठेवता सांगते. कुसुमताईंचं नाव ऐकल्यापासून माझ्या पोटात जे दुखतंय त्यावर ओवा चालत नाही.

आता सुरुवात केलीच आहे तर सगळंच सांगते. मी तुझ्यावर जळते. आज नाही, जिल्हा झाला त्या वर्षापासून. लातूर जिल्हा झालं तेव्हा आम्ही गंजगोलाईत पेढे वाटले, उस्मानाबादचं ओझं उतरलं म्हणून. नळाला पाणी काही आलं नाही, पण पाट्या नव्या रंगल्या, साहेबलोक आले, घरभाडी चढली. त्याच लाटेत माधवरावांची बदली झाली आणि तू आलीस. मला किती आनंद झाला होता ते देवाला ठाऊक. तू मात्र पहिल्याच दिवशी म्हणालीस, आम्ही नांदेडची माणसं आधीपासूनच जिल्ह्याची, तुम्ही आत्ता कुठं झालात. मीही हसले होते.

ते पडकं घर तुला दाखवलं कुणी? मी. आमच्या माळवदावरून ते दिसायचं. अर्धं छत बसलेलं, आत कापसाच्या पळाट्यांचा ढीग, आड कचऱ्यानं बुजलेला, भिंतींवर पाकोळ्यांची वस्ती. कुणी फुकट घेईना. पण त्याच्या सागवानी तुळया शाबूत होत्या, हे मला ठाऊक होतं. कितीतरी वर्षं कुरडया वाळत घालता घालता मी ते घर मनातल्या मनात बांधत होते. इथं चूल, इथं खिडकी, इथं माझी एकटीची बसायची जागा. ह्यांना म्हटलं तर हे म्हणाले, "पडकं घर घेऊन काय करायचं, उंदरं पाळायची का?" तुला गंमत म्हणून दाखवायला नेलं, तर तू त्या ढिगाऱ्यात पदर खोचून उभी राहिलीस आणि माधवरावांना म्हणालीस, हेच घ्यायचं. त्यांनी मान डोलावली. आयत्या बिळात नागोबा म्हणतात तो मी त्या दिवशी पाहिला, नऊवारी नेसलेला. तुझा राग नाही आला. नवऱ्यानं नुसती मान डोलवावी, एवढ्यावरच मी जळले.

मग तुझं सामान आमच्याकडे आलं, कारण भाड्याच्या त्या एका खोलीत तुम्ही मावलात हेच खूप. घर पाहावं बांधून म्हणतात, पण दुसऱ्याचं बांधकाम आपल्या घरात राहून पाहावं, असंही कुणीतरी म्हणायला हवं होतं. आमचं असलेलं सामान माळवदावर गेलं. माझ्या लग्नाच्या साड्यांची पेटी ताडपत्रीखाली गेली. तुझ्या कपाटामुळे झोपायच्या खोलीचं दार अर्धंच उघडायचं, आम्ही दोघं आडवे होऊन आत शिरायचो. तुझ्या पाट्याला ठेचकाळून ह्यांच्या अंगठ्याचं नख गेलं. सासूबाईंनी तुझ्या ट्रंकांवर पापड वाळवले. मी तुझ्या आरशात वेणी घालायचे. स्वच्छ आरसा आहे तुझा, आमच्या आरशात न दिसणारे केस त्यात दिसले. तुझ्या खिडक्यांच्या बिजागऱ्या आमच्याच दुकानातून गेल्या, हे हौसेनं निवडून देत होते. आमच्या न्हाणीचं दार मात्र अजून तारेनंच बांधलेलं आहे. लोखंडाच्या दुकानदाराची बायको ती.

तरी मला ते दिवस आवडले. कारण तू रोज यायचीस. कधी गाळणं न्यायला, कधी तुझ्या लेकाचा, रेणुकादासचा स्वेटर शोधायला. ट्रंकेचं झाकण उघडं टाकून चुलीपाशी बसायचीस. आपल्या गप्पा व्हायच्या, चहा गार व्हायचा. मग आडाचा गाळ काढला आणि तुझ्या आडाला पाणी लागलं. सगळं लातूर टँकरपुढं हंडे मांडून बसलेलं आणि इंदूच्या पडक्या घरात दिवसाला चार घागरी गोडं पाणी. गल्ली तुझं कौतुक करत राहिली. तू आम्हाला रोज एक घागर पाठवायचीस, कुणाच्या तरी डोक्यावर, तू आत येत नव्हतीस. होळीनंतर तू आमच्या स्वयंपाकाच्या चुलखंडात पाऊल टाकलेलं नाहीस. ढाळजेतच उभी राहायचीस, हातावर चुना वाळलेला, डोळे घराकडे. काय हवं ते घेऊन निघायचीस. मी आत दोन कप चहा टाकून बसलेली. त्या घरानं आधी माझी जागा घेतली आणि मग तुला घेतलं. मी आता तुझ्यापेक्षा त्या घरावर जास्त जळते.

चुलखंडात आली असतीस तर तुला दिसलं असतं. आता ते सांगायला हवं. देवांचा डबा तू माझ्या हातात दिलास तेव्हा म्हणालीस, हे तांदळात झोपलेत, ह्यांना पाणी नको, नैवेद्य नको, वास्तुशांतीला उठवू. मी तो आमच्या डब्यांच्या वरच्या फळीवर ठेवला. सासूबाईंची नजर तुला माहीत आहे, अधू झाली आहे. तुझे डबे, आमचे डबे, पितळेचे सगळे सारखेच. होळीनंतरच्या एका सोमवारी आमचे गुरू जंगमस्वामी जेवायला यायचे होते, आणि सासूबाईंनी तांदूळ म्हणून तुझा डबा उपसला. टँकर आलेला नव्हता, तांब्याभर पाण्यात तांदूळ धुवायचे होते. मी कणिक मळत होते. धुता धुता त्यांचा हात थांबला. "अव्वा," त्या म्हणाल्या, "हे गं कुणाचं लेकरू?" त्यांच्या ओल्या तळहातावर तुझा बाळकृष्ण रांगत होता. मागून अन्नपूर्णा निघाली, रेणुकेचा टाक निघाला, आणि महादेवाचा छोटा बाण निघाला. मी घाबरून म्हटलं, पुन्हा तांदळात ठेवू. तर म्हणाल्या, "जाग आली आता त्येंला. आपल्या घरात उपाशी न्हाई ठिवायचं कुणाला." बाण बोटांनी चाचपून पाहिला आणि म्हणाल्या, "ह्येच्यात आपला बी हाय की."

तेव्हापासून तुझे देव आमच्या चुलीशेजारच्या देवळीत आहेत. सकाळी सासूबाई आणि मी गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजा करतो आणि मग त्यांना एकेक पळी पाणी घालतो. पाणी टँकरचं, पण आमच्या वाटणीतलं; तुझी घागर पिण्यातच संपायची. ज्या दिवशी टँकर आला नाही त्या दिवशी मी तोंड धुतलं नाही, त्यांना घातलं. नैवेद्याला ज्वारीची भाकरी असायची, कधी साखर. तुला सांगायला मी दोनदा ढाळजेपर्यंत आले. एकदा तू गवंड्याला शिव्या देत होतीस, एकदा खिडकीच्या रंगाबद्दल विचारत होतीस. हिरवा म्हटलं. निळा लावलास.

तुला आठवतं का, तुमच्या वजिराबादेतल्या घरी मी सगळीकडे फिरायचे? तुझ्या ताटात जेवायचे, तुझ्या अंथरुणात झोपायचे. फक्त देवघराच्या उंबऱ्याशी आले की तुझी आई मायेनं म्हणायची, "तिथंच थांब गं बाळ." आणि प्रसाद बाहेर आणून द्यायची, तुझ्यापेक्षा मोठा तुकडा. वाईट वाटायला तिनं कधी जागा ठेवली नाही, तरी वाटायचं. शिकायला राहिले होते त्या मामाच्या घरी येऊन मी मामीला विचारलं तर ती म्हणाली, "आपला देव गळ्यात हाय, आपल्याला कशाला पायजे उंबरा?" ते मला पटलं होतं. तरी तुझ्या त्या एवढ्याशा बाळकृष्णाला तू आंघोळ घालायचीस आणि मी लांबून पाहायचे, तेव्हा मी जळायचे. म्हणजे बघ, जिल्ह्याचं निमित्त आहे, जळणं जुनंच आहे. आता तो तीन महिने माझ्या हातून न्हातोय. त्याच्या उजव्या गुडघ्याला खाच आहे, तिथं मळ साचतो, काडीला कापूस लावून काढावा लागतो. तुला माहीत असेलच. कुसुमताईंना माहीत नसेल.

सकाळपासून खोल्या रिकाम्या होताहेत. सासूबाई म्हणाल्या, घर केवढं मोठं झालं गं. झोपायच्या खोलीचं दार पूर्ण उघडलं तर मला रडायला आलं. एवढी मोकळी जागा मिळाली की बाईनं नाचावं. पण तुझी एक ट्रंक जरी इथं राहिली असती, तरी गाळणं शोधायला तू आली असतीस. आता कशाला येशील?

बहात्तरच्या दुष्काळात माझं माहेरी देगलूरला लग्न झालं, तेव्हा विहिरीत चिखल होता. तू नांदेडहून गोदावरीच्या पाण्याची कळशी एसटीत मांडीवर धरून आणलीस. नायगावच्या पुढं रस्ता म्हणजे नुसते खड्डे. तुझं पातळ भिजलं, पण तू कळशी खाली ठेवली नाहीस की कुणाच्या हातात दिली नाहीस. आमच्या सगळ्या बाया बघत राहिल्या, ही बामणाची पोरगी हळदीच्या पाण्यात हात घालतेय म्हणून. कुणी तुला उंबऱ्याशी थांबवलं नाही. आईनं तर तुझ्याच हातून पहिला तांब्या माझ्या डोक्यावर ओतवला.

भीमाच्या बैलांची घुंगरं वाजली, दुसरी आणि शेवटची खेप न्यायला आला. आता हे पत्र का लिहिलं ते ऐक. हे पत्र आणि देवांचा डबा दोन्ही त्याच्याकडे देते आहे. डबा नव्या फडक्यात बांधला आहे, पण कुसुमताईंना तो चारचौघांत उघडू देऊ नकोस. त्यात नुसते तांदूळ आहेत. देव इथं देवळीत आहेत, दुपारची साखर आत्ताच दाखवली. त्यांना मी बैलगाडीत पाट्याशेजारी घालणार नाही आणि दुसऱ्या कुणाच्या हातातही देणार नाही. उद्या सकाळी गुरुजी यायच्या आधी न्हाऊन, ओल्या केसांनी मी त्यांना पदरात घेऊन तुझ्या दारात येईन. कुसुमताईंना पाण्याचा कळस दे, तोही मोठाच मान आहे. तुझ्या माणसांना हे चालणार नसेल तर मला समजावत बसू नकोस, दार नुसतं लोटून ठेव. मी देव उंबऱ्यावर ठेवीन आणि मागं फिरेन, संध्याकाळी तीर्थप्रसादालाही येईन, रांगेत. आणि दार उघडं असेल तर एवढंच कर की, "तिथंच थांब" म्हणू नकोस. त्यांना पहिलं पाणी तुझ्या आडाचं घाल. तीन महिने बिचाऱ्यांनी टँकरवर काढले.

तुझीच, आणि उद्या सकाळपर्यंत त्यांचीही,
शिवगंगा