चार हिरव्या पेट्या

५ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

नीट पोहोचलात ना, की शेजाऱ्याशी गप्पा मारता मारता पुढच्या स्टेशनवर उतरलात? इकडे मी हवेत आहे. काचघरातल्या उंच पेट्यांत एकेक लावलेली गव्हाची वीस रोपं पाहिलीत ना, ती सगळी एकाच आईबापाची भावंडं. पण एकाची मुळं आडवी पसरतात, दुसऱ्याची सरळ खाली जातात. हा स्वभाव कुठल्या जनुकातून येतो, ते मला शोधायचंय. म्हणून तर महिनाभर पाणी तोडलं होतं. सोळा जणांनी माना टाकल्या, चार मात्र हिरवीगार आहेत. त्यांची मुळं तळाच्या ओलीपर्यंत गेली असणार. शुक्रवारी साहेबांना सांगणार आहे. नोकरी पुढे चालू राहणं त्यावरच आहे. मी दोन दिवस बैठकीला गेले तेव्हा तुम्ही राखण केलीत, बरं झालं.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो वाढू द्या.

तुमची ठकू

७ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि ताटावरून उठलो. आईला सांगितलं, पोट बिघडलंय. ठकू, त्या रोपांना मी पाणी घातलं. तू बजावून गेली होतीस, मान्य. पण खिडकीकडची तीन फारच मलूल झाली होती, बघवेना. दोन्ही दिवस सकाळ-संध्याकाळ एकेक मग घातला. तू आल्यावर सांगायचा धीर झाला नाही, त्याची आता शरम वाटते. साहेबांकडे जायच्या आत तुला कळावं म्हणून हे पत्र आज तिकडेच निघालेल्या शेजारच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय.

रागाव हवी तेवढी, पण पत्र लिहायचं थांबू नकोस.

तुझा बाबा

१० मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

रागावले. चांगली तासभर रागावले, मग चारही पेट्या उघडून मुळं धुतली. खिडकीकडच्या तिघांची मुळं वरच्या वीतभर मातीतच लोळत होती. चौथ्याची सरळ तळाला टेकलेली. ते मलूल झालंच नव्हतं, म्हणून तुमच्या मगातून सुटलं.

साहेबांना तेवढं एकच दाखवलं. त्यांनी वर्षभराची मुदत दिली, पुन्हा लावून बघ म्हणाले. तुम्ही गप्प राहिला असतात, तर मुळं न बघताच मी चार सांगून मोकळी झाले असते.

पुढच्या लावणीच्या वेळी मला पुन्हा बाहेरगावी जावं लागेल. तेव्हा तुम्हीच या. दुसऱ्या कुणावर माझा एवढा भरवसा नाही.

तब्येत सांभाळा, आणि माझ्यावर जीव असू द्या.

तुमची ठकू