मामीची नागली शून्य नाही

ती. स्व. मंगळूमामांस,

प्रगतीचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, तांबडी गाय आणि मामीचा राग हे तिन्ही ठिकाणावर असतील असं धरून चालते. (दिलेलं तेल गुडघ्याला लावा, गाईच्या शिंगांना नको, मागच्या वेळी मी डोळ्यांनी पाहिलंय.) मी जव्हारला खुशाल आहे. साखरशेतला फोन लागत नाही म्हणून हे पत्र लक्ष्यादादाच्या हाती देते आहे. माझी नोकरी गेलीच, तर का गेली ते तुम्हाला आधी माझ्याकडून कळावं.

आमची संस्था गावोगावच्या नागलीच्या वाणांची नोंद ठेवते, हे तुम्हाला माहीत आहे. जे वाण चांगलं पिकतं त्याचं बी पुढच्या वर्षी सगळ्यांना वाटायचं, आणि ज्याची सरासरी शून्य ते यादीतून कायमचं बाद. मामीची काळी नागलीही या यादीत आहे. सरासरी म्हणजे एकूण वजन भागिले किती वेळा मोजलं. आता मामीने नागली एकदाही मोजलेली नाही, कारण धान्याची देवी कणसरी पुजल्याशिवाय खळ्यावरच्या धान्याला माप लावायचं नाही, ही तुमच्याच घरची रीत. म्हणजे शून्य भागिले शून्य. त्याचं उत्तर कॉम्प्युटर 'नॅन' असं देतो, म्हणजे 'हा आकडा नव्हे'. मला ते उत्तर फार सभ्य वाटलं. माणसंसुद्धा इतक्या सरळपणे माहीत नाही म्हणत नाहीत.

पण आमच्या डेटाबेसचा एक स्वभाव आहे. नॅनला तो सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा मानतो. जास्त पीक वर, कमी पीक खाली अशी यादी लावली, तर मामी पहिली. ठाण्याचे नितीनसर (आमचे साहेब, नागली त्यांनी 'नाचणी' या नावाने बिस्किटातच पाहिली आहे) हार आणि कॅमेरा घेऊन तुमच्या खळ्यावर आले, ते यामुळे. मामीने त्यांना न झोडलेली कणसं दाखवली आणि हार गाईच्या गळ्यात घातला. गाईने तो खाल्ला. पुढचं तुम्ही पाहिलंच आहे.

सर परत गेले ते तापलेले. हुकूम आला, लायब्ररीतच नॅनचं शून्य करून टाका. (ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. डेटाबेसमधलं उत्तर आमच्या प्रोग्रामपर्यंत आणून देणारा निरोप्या समजा.) मी म्हटलं, निरोप्याने निरोप बदलायचा नसतो. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. मामीचं खळं तर भरलेलं आहे. तिथे रिकामी जागा ठेवा, 'अजून मोजलं नाही' असं लिहा, यादीत वेगळं बसवा, पण शून्य मी लिहिणार नाही. सर म्हणाले, मग दुसरं कोणी लिहील. मी म्हटलं, लिहू द्या, मी त्याच्याही डोक्यावर बसेन. मला राग आला होता, अजूनही आहे. मामीच्या सासूने मडक्यात राखलेलं बी एका गोल आकड्याने पुसलं जावं, आणि तो आकडा मी टाकावा? यादी शुक्रवारी छापली जाणार आहे. तोवर मी मागे हटणार नाही, तुम्ही निर्धास्त राहा.

तुमची भाची,
प्रगती

ता. क. मागे हटत नाहीच, पण गुरुवारपर्यंत कणसरी पुजता येईल का? एकच टोपली मोजली तरी भागेल. वजनकाटा लक्ष्यादादाच्या पिशवीत घातला आहे. मामीला दाखवू नका.

ता. क. २. बाजारात लक्ष्यादादाला पत्र देतेय तोच मामी तिथे भेटली आणि तिने लक्ष्यादादाची पिशवी उघडली. म्हणाली, "कणसरीसाठी आम्ही थांबलू, मंग तुजा शुक्रवार का थांबं नाय?" काटा आता माझ्याकडेच आहे, वरची विनंती वाचली नाही असं समजा. त्याऐवजी शुक्रवारी पहिल्या एसटीने मामीलाच इकडे पाठवा. सरही येणार आहेत. शून्य लिहायचंच असेल तर हिच्या तोंडाकडे बघून लिहा, असं मी त्यांना सांगणार आहे.