दिगूला अग्नी मिळाला

भोईवाडा, मुंबई

बेबीच्या आजोबांना पायांवर डोकं ठेवून कळवते की,

काल दुर्गेकडे एक जोडपं आलं. आधी आत आली ती बाईच, चांगली धिप्पाड. मागे नवरा दारातच उभा राहून रडतोय. ती म्हणते, "अहो, आधी बसा तरी, मग रडा!" मला हसूच फुटलं. हे रडणारे म्हणजे शेलार हवालदार. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला साताऱ्याहून आलेले. तिथं आपल्या जावयांशी बोलता बोलता दिगूचं नाव निघालं.

अहो, लढाईत आपला दिगू बेपत्ता झालाच नव्हता. ब्रह्मदेशात शेलारांच्या मांडीवर गेला. कोल्ह्यांनी नाही खाल्लं आपलं पोर! शेलारांनी लाकडं जमवली, स्वतः अग्नी दिला, सख्खा भाऊ उतरवतो तशी मिशीसुद्धा उतरवली. पलटण हसायची म्हणे. मला विचारतात, "आई, माझी जात वेगळी, चाललं ना?" मी म्हटलं, "बाबा, तू माझा थोरला." आनंदानं मला घास गेला नाही, नुसती त्यांना वाढत राहिले.

कालिंदीचा खोकला कसा आहे? तिला यातलं काही बोलू नका. नवरा गेल्याचं सुनेला मीच येऊन सांगेन. तोवर लावू दे तिला कुंकू. तुम्हाला रडू आलं तर गोठ्यात जा.

दिगू परत येईल म्हणून पितृपक्षात त्याच्या नावाचं पान तुम्ही कधी मांडू दिलं नाहीत. यंदा इथं मांडते, रागावू नका. त्या पानावर शेलारांना बसवीन. बुधवारी सर्वपित्रीला दोघं जेवायला येतो म्हणालेत.

दुर्गेची आई