आबांच्या झाडावरची गुलाबी फुलं

रविवार, जळगाव. दिवेलागण.

आबा, आमचे वडील, गेले तेव्हा आम्ही अस्थी तापीत सोडल्या नाहीत. इथल्या वनउद्यानात खड्डा खणून त्यात राख घातली आणि वर कडुनिंब लावला. जळगावात राहणारा मी एकटाच, म्हणून पाणी घालायचं मी कबूल केलं. पहिला उन्हाळा घातलंही. पुढे दर रविवारी स्कूटर फाटकाशी लावायची आणि तिथूनच फोटो काढायचा, एवढंच.

यंदा झाड गुलाबी फुलांनी भरलं. घरच्या ग्रुपवर मीच लिहिलं, "आबा बहरले." सगळ्यांनी हात जोडले. नरडाण्याला दिलेल्या अक्कानं लिहिलं, "बठ्ठं झाड फुलनं शे!"

कडुनिंबाला गुलाबी फुलं? शेतकऱ्याचा पोरगा ना मी?

आज आत गेलो. तेही लघवीला आडोसा हवा होता म्हणून. लिहितानाही लाज वाटतेय.

फुलं आइसक्रीम वेलीची. कुणीतरी कधीकाळी शोभेसाठी आणलेली ही परदेशी वेल आता अर्ध्या उद्यानावर चढलीय. हातानं बाजूला सारली, तर आत आबांचं झाड वाळून काटकी झालेलं. नुसतं धरलं आणि कडकन मोडलं. तरी वेड्यासारखा वेल ओढत राहिलो. आता कुणासाठी?

घरी पोचतो तोच अक्काचा मेसेज. "का रे भाऊ, आज आबाना फोटो नही?"

खरं काय ते लिहिलं. पुसलं. मग गेल्या रविवारचाच फोटो पाठवला, गुलाबी फुलांचा.

जोडलेले हात अजून येतायत.